१९३० साली तुम्ही कोठे होतात?

इतिहासाच्या अध्यापकाकडे सहसा कोणी काही मागायला येत नाही. गणित शिकविणाऱ्याकडे शिकवणी मागतात, कायदा जाणणाऱ्याकडून अर्ज लिहून घेतात; इतिहासवाल्याकडून जयंतीच्या भाषणापलीकडे कोणाची अपेक्षा नसते. म्हणून एका पावसाळ्याच्या अखेरीस निडीच्या डोंगराकडची चार माणसे माझ्या घरी आली आणि ‘सर, १९३० सालचा कागद पाहिजे’ असे म्हणाली, तेव्हा मी गोंधळलो. चौघांपैकी तिघे बौद्ध. ते जयभीम करून आत येऊन बसले. चौथा कातकरी; तो उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याला ‘काका, आत या’ म्हणून दोनदा सांगावे लागले. सांगताना मला आठवले की, ह्याच जिल्ह्यातल्या उंबऱ्यांबाहेर माझे आजोबा असेच थांबत असत.

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. डोंगराच्या उतारावर ते वरी-नाचणी पेरतात त्या तुकड्यांवरचा हक्क आणि वाडीपर्यंत रस्ता. दोन्हींच्या आड जंगल होते. म्हणजे झाडे नव्हेत, जंगलाची रेघ. वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. आदिवासी नसलेल्याला त्याहून अधिक काही दाखवावे लागते. त्याच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या जंगलाच्या आधाराने जगल्या आहेत हे त्याने सिद्ध केले पाहिजे. २००५ मधून ७५ वजा केले की १९३० उरतात. म्हणजे कायदा त्या तिघा बौद्धांना विचारीत होता की, १९३० साली तुम्ही कोठे होतात? आणि ते तिघे हाच प्रश्न माझ्यापुढे घेऊन आले होते.

हा प्रश्न मी बाजूला सारू शकलो नाही, ह्याचे कारण विद्वत्तेचे नाही. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. माझे आजोबा १९३० च्या सुमारास कोठे होते ह्याचा कागद माझ्याकडेही नाही.

नागोठणे सोडले की रोह्याच्या अलीकडे निडी लागते. स्टेशन लहान. दिवा-रोहा गाडी थांबते, लांबच्या गाड्या धूळ उडवीत निघून जातात. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला डोंगर. उत्तरेकडे अंबा नदीचे खोरे, दक्षिणेकडे कुंडलिकेचे. मुंबईचा माणूस खिडकीतून पाहतो तेव्हा त्याला हिरवा डोंगर दिसतो आणि तो म्हणतो, किती निसर्ग शिल्लक आहे इथे! त्या हिरव्यात माणसेही शिल्लक आहेत, हे खिडकीतून दिसत नाही. विकास विरुद्ध पर्यावरण हा जो वाद अलीकडे व्याख्यानांतून आणि अग्रलेखांतून रंगतो, त्यातही ती दिसत नाहीत. एका बाजूला कारखानदार, दुसऱ्या बाजूला पक्षिनिरीक्षक, आणि मध्ये जणू मोकळी जागा.

मागे गेल्याशिवाय ही रेघ समजत नाही. ज्याला आज आपण रायगड म्हणतो तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. ह्या जिल्ह्यातले जंगल इंग्रजांच्या डोळ्यांत भरले ते लाकडासाठी. रेल्वेला स्लीपर हवे होते आणि वाढत्या मुंबईला जळण व कोळसा हवा होता. खाडीतून गलबते भरून जळण मुंबईला जाई. कोळशाच्या भट्ट्या लावी कातकरी. खैराचा कात काढी तोही कातकरी, त्याचे नावच त्या धंद्यावरून पडलेले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे जंगलाचे तीन प्रकार केले. पहिले दोन नकाशावर आले, तिसरा बव्हंशी पुस्तकातच राहिला. ही गोष्ट फार सांगितली जात नाही. परंतु आजच्या भांडणाचे मूळ तिच्यात आहे. गावाचे जंगल गावाने राखावे ही सोय कायद्यातच होती आणि ती वापरलीच गेली नाही.

त्या कायद्याने कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांत जो कल्लोळ उडाला तो राबावरून. कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: भाताचे रोप टाकण्याच्या जागेवर उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत आणि वर माती असे थर देऊन ते पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तण मरते, राखेचे खत होते. ऐनाच्या फांद्या त्याला फार चांगल्या. जंगलखात्याच्या मते ही झाडांची नासाडी होती. शेतकऱ्याच्या मते राबाशिवाय रोप नाही आणि रोपाशिवाय भात नाही. गाऱ्हाणी इतकी वाढली की सरकारला १८८५ साली ह्या दोन जिल्ह्यांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. म्हणजे ‘जंगल राखावे की गावाला जगू द्यावे’ हा प्रश्न पर्यावरण हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी आमच्या जिल्ह्यात सरकारदरबारी मांडला गेला होता.

पण मांडला कोणी? ज्याच्याकडे भातखाचर होते त्याने. राबाचा हक्क शेताला चिकटलेला. ज्याला शेत नाही त्याला राब नाही. कातकऱ्याला शेत नव्हते आणि महाराला असलेच तर वतनाचा तुकडा. झाड तोडून आणायचे, मोळी वाहायची, राब भाजायचा हे काम मात्र त्यांचेच. साहेबाचा तळ गावात पडला की लाकूडफाटा पोचविणे ही महाराची वेठ. जंगलाशी ज्यांचा हाताचा संबंध होता त्यांचा कागदाशी संबंध नव्हता. ज्यांचा कागदाशी होता त्यांचा हाताशी नव्हता. जंगलाच्या इतिहासात जातिव्यवस्था शोधायला फार खोल जावे लागत नाही.

आणि हे सारे खोतीच्या मुलखात. कुलाब्यातल्या खोती गावांत सरकारचा व्यवहार खोताशी. कूळ कोण, कसतो कोण, वाडीत राहतो कोण, ह्याची नोंद खोताच्या मर्जीवर. आज त्या तिघांना जो पुरावा हवा आहे तो नेमका त्या काळचा, जेव्हा पुरावा निर्माण करण्याची सत्ता त्यांच्या धन्याच्या हाती होती. ज्याचे नाव मुद्दाम लिहिले नाही, त्याच्याच नातवाला ‘नाव दाखव’ म्हणायचे हा कसला न्याय?

१९३० हे साल कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक निवडले असे मला वाटत नाही; वजाबाकीतून ते आले. परंतु कुलाब्याच्या इतिहासात हे साल काही साधे नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन वनकायदा मोडायला निघाले आणि गोळीबार झाला. जे मेले त्यांत आगरी होते, कोळी होते आणि नाग्या महादू कातकरी होता. चिरनेरला स्मारक आहे, दरवर्षी हार घातले जातात. तेव्हा १९३० साली कातकरी कोठे होता ह्याचे उत्तर सरकारच्याच दप्तरात आहे: तो जंगलाच्या हक्कासाठी गोळी खात होता. ही गोष्ट मी त्या कातकरी गृहस्थांना सांगितली. त्यांनी नाग्याचे नाव ऐकलेले होते. ‘त्याला जमीन मिळाली का मागनं?’ एवढेच त्यांनी विचारले.

१९३० च्या तीन वर्षे आधी ह्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी आम्ही प्यालो. तीन वर्षे नंतर, १९३३ साली, अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला आणि बाबासाहेब त्याच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. बिल त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. ह्या घटना आपल्या नियतकालिकांतून अनेकदा आल्या आहेत, म्हणून त्यांवर मी थांबत नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच की, पाणी, शेत आणि जंगल ह्यांसाठीची तीन भांडणे एकाच जिल्ह्यात बारा वर्षांच्या आत झाली. त्यांतली पहिली दोन आपण आपली मानली. तिसरे आपण आदिवासींचे म्हणून सोडून दिले. ही आपली चूक होती, असे माझे मत झाले आहे.

दादासाहेब गायकवाडांनी ती चूक केली नव्हती. १९५९ चा आणि पुढे १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह पडीक आणि जंगलाखालच्या जमिनी भूमिहीनांना द्या अशी मागणी करीत होता. त्याचे फळ यायला वेळ लागला. १९७८ साली महाराष्ट्र शासनाने सरकारी जमिनीवरील दुर्बलांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. आणि दोनच वर्षांत, १९८० साली, केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला: जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी. त्या कायद्याने मोठमोठ्या जंगलतोडीला आळा बसला हे मी नाकारीत नाही. पण जंगलजमिनीच्या तुकड्यांच्या फायली ज्या थांबल्या त्या थांबल्याच. धरणाची, खाणीची, रस्त्याची फाईल दिल्लीला जाऊन परत येते. तिच्या मागे कंपनी असते, खाते असते. दहा गुंठ्यांच्या फायलीला दिल्लीला कोण नेणार?

त्याआधी १९७५ साली राज्याने खाजगी वने संपादन करण्याचा कायदा केला होता. त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला खाजगी जंगले एका दिवसात सरकारची झाली. रायगडात खोतांची, इनामदारांची अशी जंगले होती. त्यांत कातकरी-ठाकूर कोणत्या तरी तोंडी व्यवहाराने राहत होते, दळी कसत होते. मालक बदलला, त्यांची स्थिती बदलली नाही. धन्याच्या जंगलातले ते राबणारे होते, सरकारच्या जंगलातले अतिक्रमक झाले. मुंबईत मात्र ह्याच कायद्याने वेगळा रंग दाखविला. मुलुंड-विक्रोळीकडच्या जमिनींवर जुन्या नोटिसांच्या आधारे खाजगी वनाचा शिक्का बसला, तेथे उभ्या राहिलेल्या इमारतींतले लोक हवालदिल झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, नुसत्या नोटिशीने जमीन वन होत नाही. त्या रहिवाशांबद्दल माझी तक्रार नाही. घर जाण्याची भीती मी जाणतो. पण कायदा एकच आणि शिक्का एकच असताना फ्लॅटवाल्याला वकील मिळाला आणि दळीवाल्याला गार्ड मिळाला, हे लिहून ठेवले पाहिजे.

१९८६ हे साल मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. त्या वर्षी आपट्याहून पुढे रोह्यापर्यंत रेल्वे आली आणि त्याच वर्षी मुरूड-रोहा तालुक्यांतले फणसाड अभयारण्य जाहीर झाले. जंजिऱ्याच्या नबाबाचे हे शिकारीचे राखीव रान. सुमारे ५२ चौरस किलोमीटर. तेथे शेकरू आहे, गिधाडे आहेत, उन्हाळ्यातही न आटणारी पाणवठ्याची ‘गाणे’ आहेत. मी मुलांना घेऊन तेथे गेलो आहे आणि ते रान टिकले ह्याचा मला आनंद आहे. पण एक गंमत पाहा. नबाबाने आपल्या शिकारीसाठी ज्या रानातून गरिबाला दूर ठेवले, त्याच रानातून प्रजासत्ताकाने प्राण्यांच्या रक्षणासाठी त्याला दूर ठेवले. हेतू उलटा झाला, रेघ तीच राहिली आणि रेघेबाहेरचा माणूसही तोच राहिला.

रेल्वेचे असे झाले नाही. तिच्यासाठी डोंगर कापला, भराव घातले, आमच्या आजोबांच्या पिढीने त्या भरावावर घमेली वाहिली. पुढे रोह्यापासून कोकण रेल्वे निघाली आणि २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. मार्ग दुहेरी झाला, विजेच्या तारा आल्या. नागोठण्याला पेट्रोकेमिकल्सचा प्रचंड कारखाना आला. २००२ साली तो सरकारी कंपनीकडून रिलायन्सकडे गेला. रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आले आणि कुंडलिकेच्या पाण्याचा रंग-वास बदलला. ह्याच कुंडलिकेला भिऱ्याच्या टाटा वीजघराचे पाणी मिळते, ज्यासाठी मुळशीचे खोरे बुडाले होते. ६ जानेवारी १९८९ च्या केंद्रीय अधिसूचनेने रेवदंड्याच्या खाडीपासून देवगड टोकापर्यंत किनाऱ्यालगतच्या एक किलोमीटर पट्ट्यात पर्यटनाखेरीज उद्योगांना बंदी झाली. चांगले झाले. म्हणजे नदीच्या मुखाजवळ निसर्ग जपायचा आणि त्याच नदीत वरून कारखान्यांचे पाणी येऊ द्यायचे. ह्यात दोन खात्यांचा विसंवाद आहे असे म्हणतात. मला तो विसंवाद वाटत नाही. किनारा पाहायला येणारा माणूस वेगळा आहे आणि नदीत मासे धरणारा वेगळा आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आपणही ह्यात अगदी निष्पाप नाही. कारखाने आले तेव्हा बौद्धवाड्यांतल्या तरुणांनी नोकऱ्या मागितल्या, काहींना मिळाल्या, बहुतेकांना ठेकेदाराकडची रोजंदारी मिळाली. त्या रोजंदारीवर माझे शिक्षण झाले आहे. तेव्हा विकास नको असे म्हणण्याचा तोंडाळपणा मला करता येणार नाही. विकास कोणाच्या वाटेने जातो एवढेच मी विचारू शकतो.

आता त्या रस्त्याकडे वळतो. वाडीपासून खालच्या डांबरी सडकेपर्यंत पायवाट आहे. पावसात तिच्यावरून आजाऱ्याला झोळीत घालून आणतात. रस्ता का होत नाही असे विचारले की उत्तर मिळते, मध्ये फॉरेस्ट आहे. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अर्धेच खरे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, विजेची तार, रस्ता अशा तेरा कामांसाठी वनजमीन देता येते. अट अशी की, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडली जाऊ नयेत आणि ग्रामसभेने शिफारस करावी. मंजुरी विभागीय वनाधिकारी देतो. दिल्लीला जावे लागत नाही. पाच मीटर रुंद आणि दोन किलोमीटर लांब रस्ता केला तर त्याचे क्षेत्र बरोबर एक हेक्टर भरते. आमच्या वाडीला दीड किलोमीटरही लागत नाही. हिशेब पाटीवर मांडून दाखविला तेव्हा चौघेही बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिले. सोळा-सतरा वर्षे हे कलम पुस्तकात होते आणि वाडीला कोणी सांगितले नव्हते.

आणि मोठ्या रस्त्याचे काय? पळस्पे ते इंदापूर ह्या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. मध्ये कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य, १९६८ साली जाहीर झालेले. वन्यजीवांच्या परवानग्यांचे घोळ झाले, दशक उलटले तरी काम संपेना, खड्ड्यांवर अग्रलेख आले, न्यायालयात याचिका गेल्या. त्यावर कोणी असे म्हणाले नाही की, मध्ये फॉरेस्ट आहे तेव्हा महामार्ग नको. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या अशा सरळ रेषेतल्या प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. अपवाद फक्त आदिम जमातींच्या हक्कांचा. कातकरी ही आदिम जमात. पण तिचे हक्क आधी नोंदले गेले असतील तरच ते बाधित होणार! २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि रेल्वे किंवा सरकारी रस्त्याला लागून वस्तीकडे जाणाऱ्या वाटेसाठी ०.१० हेक्टरपर्यंत मोकळीक मिळाली. तीही पाच मीटरच्या रस्त्याला दोनशे मीटर पुरते. थोडक्यात, मोठ्या रस्त्याला गावाला विचारावे लागत नाही आणि लहान रस्त्याला गावाने विचारल्याशिवाय होत नाही.

ह्या ठिकाणी एखादा पर्यावरणवादी मित्र मला अडवील, आणि त्याने अडवावे. डोंगर कापून रस्ते केल्याने दरडी कोसळतात हे खोटे नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे मिळाली नाहीत, शेवटी शोध थांबवावा लागला. पण इर्शाळवाडीला रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, माणसे पावसातून डोंगर चढून गेली आणि हाताने माती उपसली. तिथला डोंगर कोणा वाडीने रस्ता मागितला म्हणून कोसळला नाही. रस्ता असता तर दरड टळली असती असेही मी म्हणत नाही. माणसे आधी खाली आणता आली असती की नाही, एवढाच प्रश्न आहे. कोणत्या डोंगराखाली कोणाला ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याला आहे, तो कधी त्या डोंगराखाली राहत नाही.

माधव गाडगीळांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयी जो अहवाल दिला, तो ह्या बाबतीत वेगळा होता. त्याने विभाग पाडले, पण अखेरचा शब्द ग्रामसभांचा असावा असे म्हटले. तो अहवाल सरकारने दाबून ठेवला आणि माहितीच्या अधिकाराची लढाई झाल्यावर २०१२ साली तो लोकांना दिसला. नंतरच्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली उपग्रहाच्या चित्रांवरून ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन प्रदेश केले. शेती, वस्ती, लागवड म्हणजे सांस्कृतिक, बाकीचे नैसर्गिक. आकाशातून पाहिल्यावर कातकऱ्याची झोपडी आणि त्याची वरीची पट्टी कशात मोडणार? आम्हांला आधी गावकुसाबाहेर ठेवले होते, आता त्यांना संस्कृतीबाहेर ठेवले. १० मार्च २०१४ ला पहिला मसुदा निघाला, ३१ जुलै २०२४ ला सहावा. महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर त्यात आले. प्रत्येक मसुद्यावर हरकती मागविल्या जातात. वाडीवर त्यांतला एकही पोचलेला मला आढळला नाही.

दुसरी अडचण मला अधिक टोचते आणि ती मी लपविणार नाही. रस्ता झाला की त्यावरून रुग्णवाहिका येते, तसा जमिनीचा दलालही येतो. रायगडात हे सांगायला नको. कर्जत-खालापूरपासून रोह्यापर्यंत फार्महाउसांच्या पाट्या पाहाव्यात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घेऊ नये असा कायदा १९७४ पासून कडक आहे, परंतु ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला तो काय वाचविणार? म्हणून मी त्या चौघांना सांगितले, आधी हक्काचा कागद, मग रस्ता. त्यांतला वयाने मोठा बौद्ध गृहस्थ माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘सर, तुमचं बरोबर आहे. पण माझी सून बाळंतपणाला पावसात आहे.’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन्ही अर्ज एकदम करायचे ठरले.

पुराव्याचे काय केले ते सांगतो, कारण इतर तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांना ते उपयोगी पडेल. सरकारी लोक महसुली कागदाचा आग्रह धरतात. नियम तसे म्हणत नाहीत. नियमांत गॅझेटिअर आहे, जनगणना आहे, वंशावळ आहे, जुन्या विहिरी आहेत, स्मशाने व देवस्थाने आहेत आणि दावेदाराखेरीज दुसऱ्या वृद्धांचे लेखी जबाबही आहेत. निदान दोन पुरावे हवेत, ते अमुकच असावेत असे नाही. शिवाय ७५ वर्षे जंगलावर अवलंबून असल्याची; तोच तुकडा कसत असल्याची नव्हे. कुलाबा आणि जंजिऱ्याचे गॅझेटिअर १८८३ साली छापले गेले. साहेबाने ते आमच्यासाठी लिहिले नव्हते. कोणती जात काय काम करते, कर कसा वसूल होईल, ह्यासाठी लिहिले. पण त्यात कातकऱ्याचा कात आहे, कोळसा आहे, महाराची गावकी आहे, राब आहे. ज्या पुस्तकाने आम्हांला जातीचे नमुने म्हणून मांडले, त्याच पुस्तकाची पाने आम्ही आमच्या अस्तित्वाचा दाखला म्हणून जोडली.

बाकी पुरावा वाडीतच होता. दगडात बांधलेली पडकी विहीर आहे. तिच्यावर कातकरी एका बाजूने आणि आमचे लोक दुसऱ्या बाजूने पाणी भरीत, हे तीन म्हाताऱ्यांनी वेगवेगळे सांगितले. जबाब लिहून घेताना मला बरे वाटले नाही, पण ते तसेच लिहिले. कातकऱ्यांची पुरण्याची जागा आहे. आमच्या लोकांची डोंगराच्या पायथ्याशी जुनी जाळण्याची जागा आहे. गावाच्या मसणवट्यात त्यांना येऊ देत नव्हते, म्हणून ती जंगलात गेली. आता तीच जागा दाव्याचा आधार झाली आहे. एका आजींना वय विचारले. त्यांना साल माहीत नव्हते. खोताचा माणूस धान्य मोजायला येई ते त्यांच्या सासूने सांगितलेले त्यांना आठवत होते, आणि मोळी बांधताना गार्डने कोयता काढून घेतला तो दिवस आठवत होता. विद्यार्थ्यांनी हे सारे वहीत उतरविले. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी अभ्यासक्रमात नसलेला इतिहास लिहिला. त्याला गुण मिळणार नाहीत.

उरला ग्रामसभेचा प्रश्न. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे वाडीची वेगळी ग्रामसभा धरली जात नाही; ती मोठ्या गावच्या सभेत जाऊन बसते आणि तेथे तिचे हात थोडे पडतात. २००८ साली पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सेझसंबंधी लोकांचे मत विचारले गेले, ते देशभर गाजले, आणि गाजावे असेच होते. पण मत विचारले ते खातेदारांचे. सातबारा नसलेल्याला तेव्हाही कोणी विचारले नाही. वनहक्काच्या सभेत निदान ती अट नाही. गणपूर्ती निम्म्या सभासदांची आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया लागतात. नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राची आदिम जमातींसाठी नवी योजना चालू झाली आहे आणि तीत वस्त्यांना रस्ते देण्याचे कबूल केले आहे. त्यामुळे पैसा नाही हे कारण आता सांगता येणार नाही.

अडचण आहे ती दिवसांची. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि मृगापर्यंत परत येत नाहीत. २६ जानेवारीची आणि १ मेची ग्रामसभा वाडीवाचून भरते. म्हणून ह्या वर्षी वनहक्काची विशेष सभा दसऱ्याच्या आत बोलवावी असा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीकडे दिला आहे. त्यावर पहिला अंगठा त्या कातकरी काकांचा आहे आणि त्याखाली तिघांच्या सह्या आहेत.